विसाराचा रुपया

"मग हा वरचा रुपया येतो कुठून, माई?"

मुळगुंद मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं.

माई तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला की बाजूला, मग पुढची मूठ. मान वर नाही.

"रोज एक, माई. जास्तीचा."

आमच्या मठीत माणसं येतात ती काहीतरी कमी पडलं म्हणून. कुणाच्या म्हशीचं दूध आटलेलं असतं, कुणाची झोप उडालेली असते. जास्त झालंय अशी तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच बघितला. म्हणून मी हातातली कळशी खाली ठेवली आणि दाराला टेकून ऐकत राहिलो.

मी इथला जुना शिष्य. झाडलोट, पाणी, चूल माझ्याकडे. ज्ञान अजून मिळायचंय. मागितलं की माई म्हणतात, आधी कळशी घास.

मास्तर डोंगराखालच्या वाघोशी गावचे. तिथल्या शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवतात. भर दुपारचं ऊन अंगावर घेत चढून आले होते, तरी सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती. बोलताना उजवा हात उचलायची सवय. समोर फळा आहे असंच वाटायचं.

बरोबर त्यांची मुलगी होती, सहा वर्षांची असेल. आल्या आल्या ती कुणाला न विचारता चुलीजवळच्या ओट्यावर चढली, लोणच्याच्या बरण्यांच्या ओळीत जागा केली आणि पाय जुळवून बसली. मी म्हटलं, बसू दे, पोरगी दमली असेल.

"दाखव रुपया," माई म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून जमिनीवर सोडला. चांगले मूठभर रुपये होते.

"हे सगळे वरचे," मास्तर म्हणाले. "आधी माझी पद्धत सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल."

आता पद्धत ऐकायची. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

"पोरांना नुसते आकडे घोकायला लावतात ना, तो शुद्ध मूर्खपणा आहे. सहा वर्षांच्या पोराला सहा आणि पाच म्हणजे काय ते कळत नाही. पण सहा रुपयांची पेन्सिल कळते, पाच रुपयांचा खोडरबर कळतो. म्हणून मी वर्गात दुकान मांडलं. लुटुपुटूचं नाही. खरी नाणी, प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी. एक जण दुकानदार, बाकीचे गिऱ्हाईक."

"बरं."

"दहाची नोट दिली आणि सहाची पेन्सिल घेतली, तर परत किती? माझी पोरं वजाबाकी न शिकता सांगतात. सहाच्या पुढे मोजत जायचं. सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येक आकड्याला एक नाणं हातावर. चार झाली. आहे की नाही? दुसऱ्या शाळांतले लोक बघायला येतात, माई. पेपरात फोटो आला होता."

"छान," माई म्हणाल्या.

मास्तर फुलले. त्यांना माईंचं 'छान' ठाऊक नाही. मी केलेल्या पडवळाच्या भाजीलाही त्या एकदा छान म्हणाल्या होत्या, आणि ताट बाजूला सारलं होतं.

"माझे नियम पक्के आहेत," मास्तर पुढे म्हणाले. "प्रत्येक वस्तूला भाव असलाच पाहिजे. गिऱ्हाइकाने 'केवढ्याला' विचारलं की लगेच आकडा सांगायचा, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही. आणि भाव ठरला पण पैसे कमी असले तर एक रुपया विसार द्यायचा. वस्तू बाजूला राखून ठेवायची, बाकीचे पैसे मिळाले की देऊन टाकायची."

"विसारही शिकवलास?"

"का नाही? बाजारात बैल घेताना देतात, जागा घेताना देतात. पोरांना व्यवहार कळायला नको?"

"हो, कळायला हवा. पुढे?"

"सकाळी पेटीत मी स्वतः मोजून नाणी ठेवतो. संध्याकाळी पोरं मोजतात, मग मी मोजतो. एक जास्त. पेटीला कुलूप लावून पाहिलं. नाणी बदलून पाहिली. पोरांचे खिसे उलटे केले, देव मला क्षमा करो. वरचा रुपया काढून रुमालात बांधतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हजर."

"आणि माल?"

"काय?"

"दुकान म्हणतोस ना? रुपया आला म्हणजे काहीतरी गेलं असणार."

"तेच तर कोडं आहे. पेन्सिली मोजल्या, रबर मोजले, सगळं जागच्या जागी. दुकानातून काही म्हणता काही गेलेलं नाही."

माईंनी पहिल्यांदा मान वर केली. पण मास्तरांकडे पाहिलं नाही, ओट्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"माझी मुलगी, शाल्मली. तीच दुकानदार असते. वर्गात सगळ्यांत हुशार."

"काय होतंय तिला?"

मास्तरांचा हात खाली आला.

"ती... हाकेला ओ देत नाही. काही दिवस झाले. घरीसुद्धा अशीच बसते, फडताळात, डब्यांच्या शेजारी. जेवायला उचलून आणावी लागते. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. हिची आई सारखी रडते, तिनेच पाठवलं तुमच्याकडे."

"आणि आल्यापासून तू मला रुपयाचं विचारतोयस."

मास्तरांनी रुमालाची टोकं सरळ केली.

"मला वाटलं, रुपयाचा हिशोब लागला की बाकीचंही लागेल," ते हळू म्हणाले. "मला हिशोबच येतो, माई. दुसरं काही येत नाही."

इतका वेळ मला त्या माणसाचा राग येत होता. हे ऐकलं आणि तो ओसरला. पोरीची दया आली होती, आता बापाचीही आली.

मी डब्यातला गुळाचा खडा घेतला आणि ओट्याजवळ गेलो.

"ये बाळ, खाली ये. गूळ खातेस?"

पोरगी समोर बघत होती. पापणी लवत नव्हती. मी तिच्या खांद्याला धरून उतरवायला गेलो.

"मालाला हात लावू नये," ती म्हणाली.

आवाज लहान पोरीचाच होता. त्यात राग नव्हता, लाड नव्हते. दुकानात पाटी लावलेली असते, तेवढंच ते होतं. मी हात मागे घेतला. गूळ कुठे ठेवला ते मला अजून आठवत नाही.

माई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठतात हल्ली. ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, संध्याकाळी दुकान मिटताना पोरांना काय म्हणतोस?"

"काय म्हणणार? 'चला, दुकान वाढवा' म्हणतो."

"'बंद करा' नाही म्हणत?"

"छे. बंद कसं म्हणेन? दुकानाला बंद म्हणू नये. आमची आई दिवा विझवला म्हणायची नाही, वाढवला म्हणायची. बांगडी फुटली नाही, वाढवली. तीच सवय मला लागली."

"चांगली सवय. आणि गणिताच्या तासाला? तीनात दोन... काय करायला सांगतोस?"

मास्तरांचा हात फळ्याकडे जाता जाता मध्येच राहिला.

"वाढवायला," ते म्हणाले.

मलाही तेव्हाच उमगलं. हल्लीच्या पोरांच्या घरी दिव्याला बटण असतं आणि बांगड्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना ही जुनी रीत कुणी सांगितली? वाढवा म्हणजे भर घाला, एवढंच त्यांना माहीत. आणि तेही मास्तरांनीच शिकवलेलं.

"काय गं दुकानदारीणबाई," माई मुलीला म्हणाल्या, "काय काय आहे दुकानात?"

गिऱ्हाईक बोललं म्हटल्यावर पोरगी लगेच बोलली.

"पेन्सिल सहा रुपये. खोडरबर पाच. खडू एक."

"आणखी?"

"सर रोज म्हणायचे दुकान वाढवा. मग आम्ही वाढवलं. मोराचं पीस सात रुपये. चिंचोके मूठभर एक रुपया. पक्याचा पडलेला दात दोन रुपये."

"बरं. आणखी?"

"मग आणायला काही उरलं नाही. सर तरी म्हणायचे वाढवा. मग बाकाखालचा काळोख ठेवला, चार रुपये. घंटेचा आवाज तीन."

"तो आहे का अजून?"

"नाही. गेला. गिऱ्हाइकाने विसार दिला होता. मग रोज एक एक रुपया देऊन घेऊन गेलं."

मास्तर एकदम पुढे सरकले. "शाळेची घंटा," ते म्हणाले. "परवापासून वाजत नाही. टोला मारला की नुसतं ठक्क होतं. मी शिपायाला बोललो. म्हटलं, पाडलीस कुठेतरी."

माईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आणखी काय होतं, बाळ?"

"पक्याची आजी. नऊ रुपये."

"अगंबाई. आजी कुणी ठेवली?"

"पक्याने. ती सारखी म्हणायची, मला आता कुणी विचारत नाही."

"मग?"

"तीपण गेली."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"वारली," ते म्हणाले. "गेल्या सोमवारी. चालतीबोलती होती, अंगणात बसल्या बसल्या... आम्ही सगळे मातीला गेलो होतो."

बाहेर आमचा खंड्या कुत्रा चिंचेखाली झोपला होता, त्याचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

माई परत येऊन खाली बसल्या. रुमालातले रुपये बोटाने पसरले. मीही वाकून बघितलं. त्या नाण्यांवर काही नव्हतं. आकडा नाही, साल नाही, छाप नाही. दोन्ही बाजू गुळगुळीत.

"मला वाटलं जुनी आहेत," मास्तर म्हणाले. "वापरून झिजली असतील."

माईंनी त्यातून एक वेगळं काढलं. त्याच्यावर आकडा होता, साल होतं, आणि काठाला खोल खाच होती.

"हे जुनं नाही. हे कुणाचं?"

मास्तरांनी ते तळहातावर घेतलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि आठी गेल्यावर जे आलं ते मला बघवेना.

"माझं," ते म्हणाले.

"कंडक्टरने परत केलं होतं. म्हणाला, मास्तर, हे चालत नाही, दुसरं द्या. मी सदऱ्याच्या खिशात टाकलं. शाळेत आलो तर पोरांनी दुकान मांडलेलं. मी म्हटलं, आज मी गिऱ्हाईक. सगळ्या वस्तूंचे भाव विचारले, पोरांनी पटापट सांगितले. शाल्मली वरच्या फळीवर बसलेली, पेन्सिलींच्या शेजारी. मी गमतीने विचारलं, आणि ही दुकानदारीण केवढ्याला?"

"मग?"

"पोरं हसली. ही हसली नाही. म्हणाली, सर, विसार एक रुपया. मी खिशातून हे काढून दिलं. शाब्बास म्हणालो, विसार बरोबर लक्षात ठेवलास म्हणालो. आणि म्हणालो... राखून ठेवा. नंतर नेतो."

"नेलीस?"

"माई, ती माझीच मुलगी आहे. संध्याकाळी सायकलवर बसवून घरी नेतोच की रोज."

"ते बापाने नेलं. गिऱ्हाइकाने नेलं का, ते विचारतेय मी."

मास्तरांनी हातातलं नाणं पुन्हा बघितलं आणि एकदम ताठ बसले. डोळ्यांत चमक आली. हिशोब सुटला की हुशार पोरांच्या डोळ्यांत येते तीच.

"पण माई, हे नाणं तर खोटं आहे! म्हणजे चालत नाही. न चालणाऱ्या नाण्याचा विसार कसा धरणार? सौदाच झाला नाही. सौदा मोडला!"

ते उठून ओट्यासमोर गेले. हात फळ्यावर चढला.

"शाल्मली, ऐक. दुकानदाराने नाणं नीट बघून घ्यायचं, असं शिकवलंय ना मी? हे नाणं खोटं होतं. म्हणजे विसार रद्द. म्हणजे तू आता मोकळी. कळलं?"

पोरीने पहिल्यांदा मान वळवली. बापाकडे बघितलं.

"नाणं खोटं होतं ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं? मग घेतलंस का?"

"गिऱ्हाईक बाबा होते."

शाळेत हा माणूस पोटच्या पोरीला सर म्हणायला लावत होता. पोरीने सरांचा विसार घेतलाच नव्हता, घेतला तो बाबांचा. मला तिथे उभं राहवेना आणि जाववेनाही.

"मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं," ती म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक रोज विचारायचं. मी सांगायची, विसार आलाय. ते म्हणायचं, बघू. आणि पेटीत आपला रुपया टाकून जायचं. दुसऱ्या वस्तूंचा."

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता तुम्ही सौदा मोडलात ना."

"अरे मास्तर," माई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मोकळा माल म्हणजे कुणाचाही. तुझ्या त्या खोट्या रुपयावर तर ती अजून इथे बसली होती."

घोरणं थांबलं. खंड्या उठून उभा राहिला होता. वाटेकडे बघत होता, आणि वाटेवर कुणी नव्हतं. तो भुंकला नाही. दोन पावलं मागे सरला, मग आणखी दोन, आणि चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून बसला.

दारातलं ऊन जरा कमी झालं. ढग आला असेल म्हणून मी वर बघितलं. आभाळ लख्ख होतं.

ओट्यावर काहीतरी वाजलं. बघतो तर पोरीच्या मांडीशेजारी, दोन बरण्यांच्या मध्ये, एक गुळगुळीत रुपया गोल फिरत होता. फिरला, डुलला आणि आडवा झाला.

"आलंय," पोरगी म्हणाली.

मास्तर माझ्याकडे बघू लागले, जसं काही मला दिसत असेल. मला काही दिसत नव्हतं. दारातली ऊन कमी झालेली जागा तेवढी दिसत होती, आणि ती आत येत होती.

"माई, काहीतरी करा. त्याला घालवा."

"मी कोण? माल तुझा. तुलाच विचारतंय ते."

"काय विचारतंय?"

"तूच शिकवलंस ना पोरांना? गिऱ्हाईक काय विचारतं?"

मास्तरांच्या ओठांवर तो शब्द आला असावा, पण ते बोलले नाहीत. पोरगी बोलली.

"बाबा, ते विचारतंय केवढ्याला."

"..."

"सांगा ना. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही."

मी त्या माणसाला बघत होतो. आयुष्यभर ज्याने प्रश्न संपायच्या आत आकडा सांगितला, त्याच्या तोंडात आकडे कसे उसळत असतील. त्याचे ओठ हलत होते. मोठ्यात मोठा आकडा शोधत होता बिचारा. इतका मोठा, की त्या दारातल्याला परवडू नये.

"ला..." त्याने सुरुवात केली.

माईंच्या हातातली तांदळाची मूठ जमिनीवर आदळली.

मास्तरांनी तोंड मिटलं. लाख म्हणणार होते की आणखी काही, कोण जाणे. पण कळलं त्यांना. लाख हाही आकडाच, आणि आकडा सांगितला की कुणीतरी मोजून देतं.

दारातली ती जागा ओट्याच्या पायरीशी आली. बरण्यांच्या झाकणांवर दव धरलं, भर दुपारी.

"बाबा, शंभर सांगू?" पोरगी म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली.

"हजार?"

पुन्हा नाही.

"मग केवढ्याला?"

"..."

"बाबा, ते पुढे मोजायला लागलंय. एक रुपया झाला. दोन. तीन. कुठे थांबायचं ते सांगा ना."

मास्तर ओट्यावर चढले. इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, बरण्या ढकलून. एक बरणी खाली पडून फुटली, मी दोन महिने मुरवलेली, आणि त्या वेळी मला तिचं काही वाटलं नाही. ते पोरीशेजारी भिंतीला टेकून बसले, आणि तिला ओढून मांडीवर घेतलं.

"मालाला हात लावू..."

त्यांनी तिचं तोंड छातीशी धरलं. काही बोलले नाहीत. दारातलं मोजत असेल नसेल, आम्हाला ऐकू येत नव्हतं. पोरीचे ओठ त्यांच्या सदऱ्यात हलत होते एवढं दिसत होतं. ती मोजत होती, किंवा तिच्या तोंडून दुसरं कुणी. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. गणिताचा मास्तर, आणि एक आकडा काढेना तोंडातून.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माई खाली सांडलेले तांदूळ गोळा करत होत्या. खडा सापडला की बाजूला.

"बाबा," आतून आवाज आला.

"..."

"बाबा, सोडा ना. टोचतंय."

मास्तरांच्या खिशातलं पेन तिच्या गालाला लागत होतं. तिने स्वतःच ते उपसून काढलं आणि गाल चोळला. गालावर लाल वळ उठला होता. मग तिला खाली लोणचं सांडलेलं दिसलं.

"ईऽ, हे कुणी पाडलं?"

मी दाराकडे बघितलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, नेहमीसारखं. खंड्या चिंचेखाली आडवा झाला होता. ओट्यावरचा रुपया कुठे दिसला नाही. रुमालातलेही नव्हते. खाच पडलेलं ते एक नाणं तेवढं मास्तरांच्या मुठीत होतं.

मास्तरांनी पोरीला हाक मारली. नुसतीच, काम नसताना. "शालू."

"काय?"

पुन्हा मारली.

"काय हो बाबा?"

त्यांना धड हसताही येईना, रडताही येईना. पोरीला कडेवर घेऊन खाली उतरले आणि माईंच्या पायाशी बसले. सदऱ्याला लोणच्याचं तेल लागलेलं. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं,

"गेलं का, माई?"

माईंनी तांदळातला खडा उचलला, उजेडात धरला, बाजूला टाकला.

"गेलं. पुढच्या घरी भाव विचारायला."